धातू, वनस्पती आणि जंतू : सच्छिद्र चौकटींच्या नव्या रसायनाकडे वैद्याने कसे पाहावे?



व्रणचिकित्सेत धातूचा उपयोग आपल्याला नवीन नाही. जात्यादि घृतात निंब, हरिद्रा, दारुहरिद्रा, मंजिष्ठा यांच्या जोडीला तुत्थ म्हणजे मोरचूद पडते. नेत्ररोगांत यशद भस्माची योजना होते. रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी सकाळी पिण्याची रीत घरोघर आहे. धातू आणि वनस्पतिज द्रव्य यांची ही जोडी आधुनिक रसायनशास्त्राने गेल्या काही दशकांत अगदी निराळ्या वाटेने हाताळली आणि तिच्यातून पदार्थांचा एक नवा वर्ग उभा केला. त्यांस ‘मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क’, संक्षेपाने ‘एमओएफ’, असे म्हणतात. मराठीत त्यांना धातु-सेंद्रिय चौकटी म्हणता येईल. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच पदार्थांच्या विकासासाठी क्योटो विद्यापीठाचे सुसुमु कितागावा, मेलबर्न विद्यापीठाचे रिचर्ड रॉबसन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ओमर याघी यांना विभागून देण्यात आले.

नोबेल मिळाले की बाजारात त्या नावाचा उपयोग सुरू होतो. ‘नॅनो’ शब्दाची जी गत झाली तीच ‘एमओएफ’ची होण्यास वेळ लागणार नाही, आणि ‘आमचे भस्म म्हणजेच प्राचीन एमओएफ’ अशी जाहिरात उद्या आपल्याच टेबलावर येऊन पडेल. म्हणून या पदार्थांची रचना, त्यांची जंतुनाशनाची रीत, त्यांच्या आजच्या मर्यादा आणि आपल्या व्यवसायाशी असलेला त्यांचा संबंध या क्रमाने प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

प्रश्नाची निकड

जंतूंवर नवे उपाय शोधण्याची गरज का निर्माण झाली, हे प्रथम पाहू. २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट घडले. हा प्रश्न मोठ्या शहरांतील अतिदक्षता विभागांपुरता नाही. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या आपल्या नऊही तालुक्यांत सोयाबीनच्या कापणीत विळ्याने झालेली जखम, भेगाळलेल्या टाचेतून शिरलेला संसर्ग, मधुमेही रुग्णाच्या तळपायाचा न भरणारा व्रण हे नित्याचे रुग्ण आहेत. यांतील पुष्कळजण आपल्याकडे येतात तेव्हा दोन-तीन प्रतिजैविकांचे अर्धवट कोर्स घेऊन झालेले असतात. गोळ्यांनी बरे वाटले की गोळ्या बंद, ही सवय जंतूंना शिकवणी लावून देते.

औषधविक्रेत्यांना हे वेगळे सांगावयास नको. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची अमलात आहे. तीतील प्रतिजैविके वैद्यकीय चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत, त्यांची नोंद स्वतंत्र नोंदवहीत करावी लागते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावी लागते. ही नोंदवही प्रामाणिकपणे भरली जाणे हे कोणत्याही नव्या शोधाइतकेच मोलाचे आहे.

चौकटीची रचना

लग्नाच्या मांडवाची कल्पना करावी. बांबू आडवे-उभे लावून त्यांच्या गाठी सुंभाने बांधल्या की मोकळे चौक तयार होतात. एमओएफमध्ये गाठीच्या जागी धातूचे आयन किंवा त्यांचे पुंजके असतात आणि बांबूच्या जागी कर्बयुक्त सेंद्रिय रेणू असतात. हीच मांडणी तिन्ही दिशांना कोट्यवधी वेळा जशीच्या तशी पुन्हा पुन्हा होते आणि स्फटिक तयार होतो. त्याच्या आत रिकाम्या, ठरावीक मापाच्या पोकळ्या राहतात.

रॉबसन यांनी १९८९ मध्ये ताम्राचे आयन आणि चार भुजांचा सेंद्रिय रेणू जोडून अशी प्रशस्त पोकळ्यांची रचना घडविली. कितागावा यांनी १९९७ मध्ये अशा पोकळ्यांत वायू ये-जा करू शकतो हे दाखविले. याघी यांनी १९९५ मध्ये या वर्गाला नाव दिले व १९९९ मध्ये जस्तापासून ‘एमओएफ-५’ हा टिकाऊ पदार्थ सिद्ध केला. पोकळ्यांचे आतील क्षेत्रफळ ऐकून विश्वास बसत नाही. २०१२ मध्ये नोंदविलेल्या एका एमओएफच्या एका ग्रॅममध्ये ७००० चौरस मीटरपेक्षा अधिक, म्हणजे आपल्या हिशेबात सुमारे पावणेदोन एकर, पृष्ठभाग सामावलेला आहे.

धातू बदलला, रेणू बदलला की नवी चौकट तयार होते. जस्त, ताम्र, रजत, लोह, कोबाल्ट, झिर्कोनियम अशा नाना धातूंच्या चौकटी आज ज्ञात आहेत. त्यांतील ताम्र, जस्त आणि रजत हे तीन धातू जंतुनाशनाच्या दृष्टीने विशेष अभ्यासले जातात आणि तिघेही आपल्या रसशास्त्राचे जुने परिचित आहेत.

जंतुनाशनाच्या चार रीती

पहिली रीत धातूच्या मंद विसर्गाची आहे. ताम्र व रजत यांचे आयन जिवाणूच्या आवरणाला इजा करतात, त्याच्या प्रथिनांतील गंधकयुक्त भागांना चिकटून ती निकामी करतात आणि पेशीत दाहक ऑक्सिजन-रेणूंची निर्मिती वाढवितात. तांब्याच्या भांड्याचा गुणही याच जातीचा आहे. बेंगळुरू येथील आयुर्वेद व एकात्मिक वैद्यक संस्थेच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कॉलरा, आमांश, विषमज्वर इत्यादींचे जंतू मुद्दाम मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले असता ते जंतू संवर्धनात पुन्हा वाढले नाहीत. पाण्यात उतरलेले ताम्र जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या बरेच आत होते. साधा ताम्रक्षार व्रणावर टाकला तर सारे ताम्र एकदम सुटते व पेशींनाही जाळते. चौकटीतील धातू मात्र चौकट हळूहळू विरघळेल तसा थोडा थोडा सुटतो. हाच तिचा मुख्य लाभ होय.

दुसरी रीत सेंद्रिय रेणूची आहे. चौकटीचे ‘बांबू’ स्वतःच गुणकारी निवडता येतात. २०१५ मध्ये चिनी संशोधकांनी जस्त आणि हळदीतील कर्क्युमिन यांची सच्छिद्र चौकट तयार करून तिला ‘मेडी-एमओएफ-१’ असे नाव दिले. तिच्या पोकळ्यांत आयबुप्रोफेन हे वेदनाशामक भरून, एकाच पदार्थातून दोन औषधे सुटतात हेही त्यांनी दाखविले. त्याच वर्षी युरोपीय संशोधकांनी मॅग्नेशियम आणि गॅलिक आम्ल यांची चौकट प्रसिद्ध केली. गॅलिक आम्ल आवळा, हिरडा व मायफळ यांत आढळते, हे येथे लक्षात घ्यावे.

तिसरी रीत वाहकाची आहे. पोकळीत प्रतिजैविक किंवा अन्य जंतुनाशक भरून ते योग्य ठिकाणी सोडता येते. जस्त व मिथाइल-इमिडॅझोल यांची ‘झिफ-८’ नावाची चौकट साध्या पाण्यात बऱ्यापैकी टिकते, परंतु आम्लात फुटते. जंतूंच्या थरांत व पुवाच्या जागी आम्लता वाढलेली असू शकते. तेथेच चौकट फुटावी आणि औषध तेथेच सुटावे, अशी ही योजना आहे. मधासारख्या योगवाही द्रव्याची आठवण वैद्यांना होणे स्वाभाविक आहे. मात्र ही तुलना समजण्यापुरतीच आहे, सिद्धतेसाठी नाही.

चौथी रीत प्रकाशाची आहे. काही चौकटी प्रकाश शोषून जंतुघातक ऑक्सिजन-रेणू निर्माण करतात. २०१९ मध्ये बीजिंग येथील संशोधकांनी दाखविले की, झिफ-८ घातलेल्या क्षारजलात सूर्यसदृश प्रकाशाखाली दोन तासांत ई-कोलाय जिवाणूंची संख्या दहा लाखांत एकापेक्षाही खाली येते. हवा गाळणाऱ्या पडद्यांसाठी आणि मुखपट्ट्यांसाठी या गुणाचा विचार झाला.

महाराष्ट्रातील काम

हे संशोधन केवळ परदेशी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने सच्छिद्र स्फटिकांवर दीर्घकाळ काम केले. या गटाने व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ग्वानिडिनियम या धनभारित घटकापासून अत्यंत पातळ पापुद्रे तयार केले आणि ते स्टॅफिलोकॉकस ऑरियस व ई-कोलाय या दोन्ही जातींच्या जिवाणूंना मारक ठरतात असे दाखविले. जिवाणूचे आवरण ऋणभारित असते. धनभारित पापुद्रा त्याला चिकटतो व आवरण फाडतो. हे पापुद्रे एमओएफ नव्हेत, कारण त्यांत धातू नाही. चौकट पूर्णतः सेंद्रिय असल्याने त्यांना एमओएफची सख्खी भावंडे म्हणता येईल. धातूच्या विषारतेचा प्रश्न टाळण्याची एक वाट त्यातून दिसते. पुण्याच्याच भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, सुजित घोष यांचा गट पाण्यातील दूषित द्रव्ये टिपणाऱ्या सच्छिद्र चौकटींवर काम करीत आला आहे.

भस्म म्हणजे एमओएफ काय?

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. भस्मातील कण सूक्ष्म असतात, ते रेखापूर्ण व वारितर असावेत हा आपला निकष आहे आणि अनेक भस्मांत नॅनो मापाचे कण आढळलेही आहेत. तथापि कण सूक्ष्म असणे आणि त्याच्या आत चौकट असणे या दोन भिन्न गोष्टी होत. एमओएफला सेंद्रिय रेणू अखंड असावा लागतो. आपण भावना देतो त्या वनस्पतिरसातील सेंद्रिय द्रव्ये गजपुटाच्या कित्येक शे अंश तापमानात जळून जातात. बहुतेक एमओएफही त्या तापमानाला टिकत नाहीत. पुटपाकानंतर उरते ते मुख्यतः धातूचे ऑक्साइड किंवा सल्फाइड. यशद भस्म हे प्रामुख्याने झिंक ऑक्साइड असते. म्हणून भस्माला एमओएफ म्हणणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने चूक आहे आणि रसशास्त्राच्या दृष्टीने अनावश्यकही आहे. भस्माची योग्यता अपुनर्भव, निरुत्थ इत्यादी आपल्याच परीक्षांवर आणि आधुनिक विश्लेषणावर ठरावी. उसन्या नावावर ती ठरू नये.

न भाजलेल्या योगांचे काय? तुत्थ आणि कषायरस यांच्या संयोगात एखादी सच्छिद्र रचना होत असेल काय, हा प्रश्न मात्र निरर्थक नाही. याचे एक बोलके उदाहरण पाश्चात्त्य औषधांतच आहे. बिस्मथ सबगॅलेट हा बिस्मथ धातू व गॅलिक आम्ल यांचा संयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून व्रणावर भुरभुरण्याची पूड म्हणून वापरात आहे. शंभरहून अधिक वर्षे त्याची नेमकी रचना कोणासही ठाऊक नव्हती. २०१७ मध्ये संशोधकांनी इलेक्ट्रॉन विवर्तनाच्या साह्याने त्याच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची रचना उलगडली, तेव्हा ती धातु-सेंद्रिय जोडणीची असून तिच्यात अरुंद सच्छिद्र वाटा आहेत असे दिसले.

या उदाहरणातून दोन धडे मिळतात. पहिला असा की, जुन्या औषधात नवे विज्ञान सापडू शकते, पण ते मोजमापाने सापडते, घोषणेने नाही. दुसरा धडा अधिक गंभीर आहे. व्रणावर निरुपद्रवी मानलेले बिस्मथचे क्षार दीर्घकाळ पोटात घेतल्याने १९७० च्या दशकात फ्रान्स व ऑस्ट्रेलियात अनेकांना मेंदूचे विकार झाले. बाह्योपचारातील सुरक्षितता आभ्यंतर उपयोगाला लागू होत नाही.

मर्यादा आणि धोके

एमओएफच्या जंतुनाशक उपयोगावरील बहुतांश काम आजही परीक्षानळी व उंदीर यांच्यापुरते आहे. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या २०१७ च्या प्रयोगात ताम्रयुक्त ‘एचकेयूएसटी-१’ ही चौकट एका मऊ जेलमध्ये घालून मधुमेही उंदरांच्या जखमेवर लावली असता जखम लवकर भरली. तीच चौकट जेलशिवाय वापरली असता लवकर विघटित होऊन पेशींना अपायकारक ठरते, हेही त्याच कामात नोंदले आहे. उंदराची जखम मुख्यतः कातडी आकसून भरते, मनुष्याची तशी भरत नाही. तेव्हा उंदरावरील यशावरून आपल्या रुग्णाच्या पायाविषयी निष्कर्ष काढणे उचित नाही.

काही चौकटी तयार करताना डायमिथाइल फॉर्मामाइडसारखे यकृताला घातक द्रावक वापरतात. पोकळ्यांतून त्याचा अंश पूर्ण काढला नाही तर तोच औषधासोबत रुग्णास मिळतो. शोधनाचे महत्त्व आपल्याला कोणी शिकवावयास नको. रजत दीर्घकाळ शरीरात गेल्यास त्वचा कायमची निळसर-करडी पडते. कोबाल्ट अधिक मात्रेत हृदयास घातक आहे. धातूला जंतू कधीच सरावत नाहीत, हा समजही खरा नाही. रजतक्षाराला दाद न देणारे साल्मोनेला जिवाणू १९७५ मध्येच अमेरिकेतील भाजलेल्या रुग्णांच्या कक्षात आढळले होते. धातू अनेक ठिकाणी एकदम आघात करतो म्हणून प्रतिरोध सावकाश येतो, इतकेच म्हणता येईल. अल्प मात्रेत सर्वत्र वापर केला तर तोही लवकर येईल.

कायदा आणि विश्वासार्हता

धातूंच्या बाबतीत आपल्या शास्त्रावर जगाचे लक्ष आहे. २००४ मध्ये अमेरिकी वैद्यक परिषदेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्या अभ्यासावर आपल्याकडून आक्षेप घेतले गेले, त्यांतील काही रास्तही होते, परंतु निर्यातीच्या औषधांना जड धातूंची तपासणी बंधनकारक होण्यास असेच निष्कर्ष कारणीभूत ठरले. आता ‘एमओएफयुक्त’ म्हणून एखादे उत्पादन आयुर्वेदाच्या नावावर आले आणि त्याने अपाय झाला, तर दोष त्या उत्पादकापुरता राहणार नाही.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. आयुर्वेदीय पेटंट औषधात प्रमाणग्रंथांतील योगांमध्ये आलेलीच घटकद्रव्ये घालता येतात. प्रयोगशाळेत घडविलेली धातु-सेंद्रिय चौकट त्यांत बसत नाही. ती नवीन औषध ठरते आणि तिला २०१९ चे नवीन औषधे व चिकित्सा-चाचणी नियम लागू होतात. नॅनो-औषधांच्या मूल्यमापनासाठी केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्येच मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली आहेत. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा तर आपणा सर्वांना परिचित आहेच.

विक्रेत्याला विचारावयाचे प्रश्न

एखादा प्रतिनिधी अशा नावाचे मलम, फवारा किंवा जलशुद्धीची पूड घेऊन आला, तर पुढील सहा प्रश्न विचारावेत :

१. चौकटीत धातू कोणता व सेंद्रिय रेणू कोणता?
२. क्ष-किरण विवर्तनाचा आलेख आहे काय, आणि तो प्रत्येक घाण्याला सारखाच येतो काय?
३. चोवीस तासांत किती धातू सुटतो?
४. ज्या मात्रेत जंतू मरतात त्याच मात्रेत मानवी त्वचेच्या पेशी जगतात काय?
५. परवाना कोणत्या वर्गात, औषध की वैद्यकीय उपकरण, आणि कोणत्या क्रमांकाचा?
६. मनुष्यावरील चाचणी भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत नोंदलेली आहे काय? १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची ही नोंद आपल्याकडे बंधनकारक आहे.

यांपैकी एकाही प्रश्नाला ‘कंपनीला विचारून सांगतो’ याहून निश्चित उत्तर मिळाले नाही, तर माल ठेवू नये. त्यावर मिळणारी सूट कितीही आकर्षक असो.

आपण काय करू शकतो?

आपल्या जिल्ह्यात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रसशाळा चालविणाऱ्या आपल्या सदस्यांनी जात्यादि घृत, कासीसादि तैल यांसारख्या धातुयुक्त व्रणयोगांचे नमुने प्रत्येक घाण्यातून राखून ठेवावेत. त्यांतील ताम्राचे व लोहाचे प्रमाण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे आणि नोंदी एकत्र कराव्यात. त्या योगांत ताम्र कोणत्या रूपात असते, ते किती वेगाने सुटते आणि कोणत्या जंतूंवर चालते, या प्रश्नांची उत्तरे परदेशी संशोधकापेक्षा आपणच अधिक सहजपणे शोधू शकतो. गुरांच्या कासदाहात प्रतिजैविकांचा वापर मोठा असतो. तेथेही पशुवैद्यांशी मिळून काम करण्यास वाव आहे.

चिकित्सालयात मात्र नित्याचे नियम सुटता कामा नयेत. दोन आठवड्यांत न भरणाऱ्या व्रणाचा पू संवर्धनासाठी पाठवावा. मधुमेही रुग्णाची रक्तशर्करा आणि पायाची नाडी पाहिल्यावाचून मलम बदलत बसू नये. काळवंडलेली त्वचा, दुर्गंधी, ज्वर किंवा झपाट्याने पसरणारी लाली दिसताच शल्यतज्ज्ञाकडे पाठविण्यास एक दिवसही उशीर करू नये. सुश्रुताचार्यांनी व्रणाचे साठ उपक्रम सांगितले, त्यांत लेपाइतकेच शोधनाला व छेदनाला स्थान आहे, हे विसरता येणार नाही.

धातु-सेंद्रिय चौकटी उद्या व्रणपट्टीत, कॅथेटरच्या लेपात किंवा पाण्याच्या गाळणीत येण्याची शक्यता खरी आहे, आणि त्या पुराव्यानिशी आल्या तर त्यांचे स्वागतच केले पाहिजे. तोवर आपल्या दारात आलेल्या मधुमेही शेतकऱ्याचा पाय वाचविण्याची साधने स्वच्छ धावन, योग्य लेप, नियंत्रित रक्तशर्करा आणि वेळेवर केलेली रवानगी हीच आहेत, आणि ती आजही आपल्या हातात आहेत.